"हा तत्त्वज्ञ नाही, रापण ओढणारा माणूस आहे" : रुबेन्सचं सेनेकाचं चित्र

इसारकाठ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय इथे, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये म्हणून धागा काढला. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी म्युनिकला असतो. यंदा मे महिन्यात बाबा पहिल्यांदा इकडे आले. बाबा हर्णैच्या बाजूचे, आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तर, चित्रकलेचा तासही तेच घ्यायचे. इथल्या आल्टे पिनाकोटेक म्युझियमला रविवारी फक्त १ युरो तिकीट होतं, म्हणून एका रविवारी सकाळी त्यांना घेऊन गेलो. बाबांना आधी इमारतच आवडली. १८३६ ची इमारत, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तिचं खूप नुकसान झालं, मग हान्स ड्योलगास्ट नावाच्या आर्किटेक्टने पडलेला भाग साध्या उघड्या विटांनी भरून काढला, पूर्वीसारखं नक्षीकाम करून झालेली मोडतोड लपवली नाही, आणि १९५७ ला परत उघडली. बाबा बाहेर उभं राहून जुनी भिंत कुठे संपते आणि नवी कुठे लागते ते बोटाने दाखवत होते, त्यातच अर्धा तास गेला.

आत रुबेन्सची, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या अँटवर्पच्या चित्रकाराची, चित्रं ढिगाने आहेत. एक तर 'शेवटचा न्याय' म्हणून सहा मीटर उंच आहे, मधला मोठा हॉल त्याच्याच मापाने बांधलाय म्हणतात. बाबांनी ते बघितलं, मान डोलावली आणि पुढे गेले. थांबले ते 'सेनेकाचा मृत्यू' समोर. १६१२-१३ च्या सुमाराचं, ओकच्या लाकडी फळीवरचं तैलचित्र, उंची साधारण १८५ सेंटिमीटर म्हणजे पुरुषभर. एक म्हातारा, अंगावर कमरेच्या फडक्याशिवाय काही नाही, एका छोट्या पसरट पात्रात उभा आहे आणि वर बघतोय. एक माणूस त्याचा हात धरून शीर कापायच्या कामात आहे, पायाशी एक तरुण पोरगा वही घेऊन बसलाय आणि तो म्हातारा काय बोलतोय ते उतरवून घेतोय, मागच्या काळोखात दोन शिपाई. बस, एवढंच. मागे महाल नाही, बाग नाही, काही नाही.

बाबा पाच-सात मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, हा कोण? मी पाटी वाचून सांगितलं की रोमन तत्त्वज्ञ होता, नीरो बादशहाचा गुरू, आणि शिष्यानेच मरायचा हुकूम पाठवला. तर बाबा म्हणाले, "तत्त्वज्ञ? तोंड असेल गुरुजीचं. पण अंग बघ. पोटऱ्या बघ, पाठ कशी वाकलीये बघ, खांदे कसे पुढे आलेत. हा रापण ओढणारा माणूस आहे. बसून पुस्तकं वाचणाऱ्याचं अंग असं होत नाही."

(ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांना रांगेने माणसं उभी राहून वाळूत पाय रोवून ओढतात. तासन् तास.)

मी तेव्हा हो हो म्हणून त्यांना पुढच्या दालनात घेऊन गेलो. कॉफी प्यायला उशीर होत होता. पण ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. बाबा गेले परत जूनमध्ये, मी त्यानंतर दोनदा जाऊन तेवढंच चित्र बघून आलो आणि दर वेळी मला ते खरं वाटतं, डोकं एकाचं आणि अंग दुसऱ्याचं. इथे कुणाला ह्या चित्राबद्दल माहिती आहे का?

नीरा_भीमा

चित्र शोधून मोठं करून बघितलं. बापरे. काकांची नजर मानली पाहिजे, पोटऱ्यांवरच्या शिरा बघा कशा आहेत. पण मला एक कळलं नाही, शीर कापतोय तो मारेकरी आहे का वैद्य? आणि हा शांतपणे उभा कसा?

जुनी_वही

नीरा_भीमा, तो वैद्य. टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने हा प्रसंग लिहून ठेवलाय, तो मी नोकरीत असताना बरेचदा वाचलेला आहे, आता निवृत्तीनंतरही वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इसवी सन ६५. पिसो नावाच्या सरदाराने नीरोला मारायचा कट केला, तो फुटला. सेनेका त्यात किती होता ह्याबद्दल टॅसिटसही ठाम नाही, पण नीरोला निमित्त हवंच होतं. सेनेका रोमपासून चार मैलांवरच्या आपल्या घरी बायको पॉलिना आणि दोन मित्रांबरोबर जेवायला बसला होता. हुकूम घेऊन आलेला अधिकारी गाव्हियस सिल्व्हानस, हा स्वतःच त्या कटात सामील होता! त्याला सेनेकाच्या तोंडासमोर जाऊन हे सांगवेना, म्हणून त्याने हाताखालच्या माणसाला आत पाठवलं. मला वाटतं त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात भयंकर जागा ही आहे, मृत्यूपेक्षाही.

सेनेकाने मृत्युपत्र मागवलं, मित्रांना काहीतरी द्यायचं म्हणून. ते आणू दिलं नाही. तेव्हा तो मित्रांना म्हणाला की आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे आणि तीच सगळ्यात चांगली, ती तुम्हाला देऊन जातो : माझ्या आयुष्याची प्रतिमा. टॅसिटसने शब्दच 'इमागो' वापरलाय, म्हणजे चित्र, प्रतिमा. हे लक्षात ठेवा, ह्या धाग्याला उपयोगी पडेल.

मग त्याच्या आणि पॉलिनाच्या, दोघांच्याही हाताच्या शिरा कापल्या. तिने आपणहून मागून घेतलं. म्हातारपण आणि अगदी कमी खाणं, त्यामुळे ह्याचं रक्त हळूहळू यायला लागलं म्हणून घोट्याजवळ आणि गुडघ्यामागेही कापलं. एकमेकांच्या वेदना बघून धीर सुटू नये म्हणून तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि ह्याने लेखनिकांना बोलावून मजकूर सांगायला घेतला. तो लिहिणारा पोरगा तिथून आलाय. पुढे विषही घेतलं, स्टेशियस अनीयस नावाच्या मित्र वैद्याने दिलं, अथेन्समध्ये सॉक्रेटिसला दिलं तेच, पण अंग गार पडलेलं होतं, चढलं नाही. मग गरम पाण्याच्या कुंडात उतरला, जवळच्या गुलामांवर पाणी शिंपडून म्हणाला की हे मुक्ती देणाऱ्या ज्युपिटरला अर्पण. शेवटी गरम वाफेच्या खोलीत गुदमरून गेला. पॉलिनाला नीरोच्या हुकुमाने वाचवलं, ती पुढे काही वर्षं जगली, चेहऱ्यावरचा रंग गेला तो परत आला नाही असं टॅसिटस म्हणतो.

आणि कुणी ह्याला आत्महत्या म्हणू नये. हा राजाने केलेला खून आहे, फक्त हत्यार ज्याचं त्याच्या हातात दिलंय.

नीरा_भीमा

वाचून सुन्न झाले. पण मग पॉलिना चित्रात का नाहीये??

शेल्डकाठची

मी बेल्जियममध्ये अँटवर्पला राहते, रुबेन्सच्याच गावात, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. पॉलिनाकडे येते नंतर. आधी इसारकाठ, तुमच्या बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. ते बरोबर आहेत. अक्षरशः बरोबर आहेत, मी काय सांगतेय ते खुर्चीत नीट बसून वाचा.

रुबेन्स १६०० ते १६०८ इटलीत होता. रोममध्ये तेव्हा काळ्या संगमरवराचा एक प्राचीन पुतळा होता, म्हातारा माणूस, वाकलेला, गुडघे जरा मुडपलेले, कमरेला फिक्या अलाबास्टरचं फडकं, डोळे मिन्याचे. सोळाव्या शतकात तो सापडला तेव्हा पाय नीट नव्हते, दुरुस्त करणाऱ्यांनी तो एका कुंडात उभा केला आणि सगळ्यांची समजूत झाली की हा मरणारा सेनेका. रुबेन्सने त्या पुतळ्याची वेगवेगळ्या बाजूंनी रेखाटनं केली आणि घरी परत आल्यावर त्यावरूनच हे चित्र केलं. तुम्ही म्हणता ते छोटं पात्र तिथूनच आलंय. टॅसिटसमधलं आंघोळीचं कुंड ते नव्हेच.

नंतर तो पुतळा बोर्गीज घराण्याकडे गेला, १८०७ मध्ये नेपोलियनने त्यांच्याकडून विकत घेतला आणि आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. अभ्यासकांनी इतर तशाच पुतळ्यांशी ताडून बघितल्यावर कळलं की हा सेनेका वगैरे कुणी नाही. तो म्हातारा कोळी आहे. ग्रीक पद्धतीच्या 'म्हातारा मच्छीमार' ह्या पुतळ्याची रोमन नक्कल. लूव्रच्या पाटीवर आज तेच नाव आहे, म्हातारा कोळी, ज्याला मरणारा सेनेका म्हणत.

रोमच्या जुन्या शिल्पकाराने कोळ्याचं अंग घडवलं, रुबेन्सने सेनेका समजून ते रंगवलं, आणि चारशे वर्षांनी हर्णैच्या मास्तरांनी ते ओळखलं.

इसारकाठ

काय लिहू. ट्राममध्ये वाचलं आणि पुढच्या स्टॉपवर उतरलो, घरी जाईपर्यंत थांबवेना, तिथूनच बाबांना फोन केला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, झोपले होते, उठवलं. सगळं वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, आमच्या वाडीत एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, मी लहान असताना सत्तरीचे असतील, ते संध्याकाळी रापण झाल्यावर असेच गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, पाय धुवायला, आणि वर बघायचे, उद्याचं वारं कसं आहे ते. "मला तेच दिसले रे तिथे. पण तुला घाई होती."

हो, होती. त्याचं फार वाईट वाटलं.

मधली_सुट्टी

माहिती छान आहे पण मला एक प्रामाणिक प्रश्न पडलाय, राग नको. अंग कोळ्याचं. चेहरा तरी सेनेकाचा आहे का? मी थोडं वाचलं तर चेहरासुद्धा नाही असं कळतंय. मग हे चित्र म्हणजे पूर्ण चूकच की. त्यात सेनेका माणूस कसा होता? गरिबीचे आणि साधेपणाचे धडे लिहायचा आणि स्वतःची संपत्ती ३० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी). इसवी सन ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईला मारलं तेव्हा सिनेटला जे पत्र गेलं, तिनेच कट केला होता वगैरे, ते सेनेकाने लिहून दिलं असं तेव्हाही लोक म्हणत होते. अशा माणसाला संतासारखं वर बघत उभं करायचं, तेही एका गरीब मच्छीमाराचं अंग उसनं घेऊन? मला त्या मच्छीमाराचं वाईट वाटतं, त्याचं नाव कुठेच नाही.

जुनी_वही

मधली_सुट्टी, प्रश्न योग्य आहे, राग कसला. चेहऱ्याचं खरं आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये फुल्व्हियो ओर्सिनी ह्या विद्वानाने एका प्राचीन मस्तकाला सेनेका म्हटलं : गाल बसलेले, केस विस्कटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. ते सगळ्यांना इतकं पटलं की युरोपभर तोच सेनेका झाला. रुबेन्सकडे स्वतःकडेही तसलं एक मस्तक होतं. १७५४ मध्ये इटलीत हर्क्युलेनियमला त्याच चेहऱ्याचं ब्राँझचं एक सापडलं, ते नेपल्सला आहे. मग १८१३ मध्ये रोमला एक जोडमस्तक मिळालं, एका बाजूला सॉक्रेटिस, दुसऱ्या बाजूला सेनेका, आणि दोघांची नावं कोरलेली. त्यातला सेनेका टकला, भरलेल्या गालांचा, गळ्याशी मांस आलेला. खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. ते बर्लिनला आहे. तेव्हापासून आधीच्या मस्तकाला 'खोटा सेनेका' म्हणतात आणि तो ग्रीक कवी हेसिओड असावा असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे.

संपत्तीचे आणि पत्राचे आरोप टॅसिटसनेच लिहून ठेवलेत, म्हणजे रुबेन्सला ते माहीत असणारच. त्याचा भाऊ फिलिप हा युस्टस लिप्सियसचा लाडका विद्यार्थी, आणि लिप्सियस म्हणजे टॅसिटस आणि सेनेका ह्या दोघांचे ग्रंथ संपादन करून छापणारा त्या काळचा सगळ्यात मोठा विद्वान. माहिती असूनही त्यांनी सेनेकाला धरून ठेवलं ह्याचं कारण त्यांचा देश बघा. अँटवर्प १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी लुटलं, जाळलं. १५८५ मध्ये वेढा पडून परत स्पेनच्या ताब्यात गेलं, निम्मे लोक गाव सोडून गेले. रुबेन्सचा बाप आधीच पळून जर्मनीत, रुबेन्सचा जन्मच तिकडे झिगेनला १५७७ चा. युद्ध थांबलं ते १६०९ ला, तेही बारा वर्षांच्या तहापुरतं. अशा लोकांना एकच प्रश्न होता, वरचा माणूस वेडा झाला तर आपण स्थिर कसं राहायचं. सेनेकाने आयुष्यभर तडजोडी केल्या हे खरंच आहे, शेवटच्या दिवशी केली नाही, आणि त्यांनी तेवढा दिवस उचलला.

चाफ्याची_ओंजळ

चेहऱ्याच्या मुद्द्यावर मला एकदम महाराज आठवले. आपल्याकडे वा. सी. बेंद्र्यांनी १९३० च्या दशकात डच चित्र पुढे आणेपर्यंत भलत्याच माणसाचं, इब्राहिम खानाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. लोकांनी त्याला हार घातले असतील, पाया पडले असतील. ती भक्ती खोटी होती असं मी तरी म्हणणार नाही. पण बेंद्र्यांनी ते शोधलं नसतं तर चाललं असतं असंही मी म्हणणार नाही. दोन्ही एकदम खरं आहे आणि मला ते एका वाक्यात बसवता येत नाही.

लक्ष्मी-सरस्वतीचंही तेच. आपल्या आजीच्या देवघरात जो चेहरा होता तो राजा रविवर्म्याने काढलेला, १८९४ ला घाटकोपरला छापखाना निघाला, मग तो मळवलीला गेला आणि तिथून घरोघर पोचला. त्याआधी ह्या देवींना तो चेहरा नव्हताच. आज डोळे मिटले की तोच दिसतो.

मधली_सुट्टी

देवीचं वेगळं, तिचा फोटो कुणाकडेच नाही. सेनेका खरा माणूस होता. पण महाराजांचं उदाहरण पटलं, विचार करतो.

कोरडा_ब्रश

उशिरा आलो धाग्यावर. मी रंगवणारा माणूस, जे. जे. ला शिकलो, त्यामुळे इतिहासातलं कमी कळतं पण ह्या चित्रात एक गोष्ट आहे जी इथे कुणी बोललं नाही आणि माझ्या मते खरी करामत तीच आहे.

बघा, समोर काय होतं? काळा दगड. काळ्या चकचकीत दगडावरून जिवंत म्हाताऱ्याचं अंग काढायचं. आम्हाला पहिल्या वर्षी प्लास्टरचे ग्रीक पुतळे बसवायचे समोर, त्यांच्यावरून शेडिंग. मी महिनाभर घासून एक केलं, मला वाटलं भारी झालंय, सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चुना छान काढलास, आता माणूस काढ. तेव्हा रडू आलं होतं. खूप वर्षांनी कळलं की रुबेन्सने स्वतः ह्याच विषयावर लॅटिनमध्ये छोटं टिपण लिहून ठेवलंय, पुतळ्यांवरून कसं शिकावं म्हणून, ते त्याच्या मागे १७०८ मध्ये छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की जुने पुतळे बघाच, नुसते बघू नका, प्यायल्यासारखे आत घ्या, पण दगडाचा वास चित्राला लागू देऊ नका. दगडाची सावली घट्ट असते. माणसाच्या कातडीची सावली घट्ट नसते, त्यातून उजेड थोडा आत जातो. दगडावरचा उजेड झणझणीत, कातडीवरचा मऊ. कातडीला घड्या पडतात, हाललं की बदलतात, दगडाचं तसं नाही.

हे त्याने केलं कसं ते सांगतो. ओकच्या फळ्या जोडून पॅनल करायचे, त्यावर खडू आणि सरसाचं पांढरंशुभ्र अस्तर, घासून गुळगुळीत. त्यावर करडट-तपकिरी रंगाचा अगदी पातळ हात, जाड केसांच्या ब्रशने पट्टे दिसतील असा मारलेला. लोक ते पट्टे लपवतात, हा लपवत नाही. मग सावल्या पातळ, इतक्या पातळ की खालचा करडा त्यातून दिसतो, आणि उजेडाच्या जागी शिसपांढरा जाड. म्हाताऱ्याच्या अंगावर निळसर-करडं जे दिसतं ना, रक्त उतरल्यासारखं, ते वरून लावलेला निळा रंग नसतो, बरेचदा ते खालचं अस्तर असतं जे त्याने मोकळं सोडलंय. मागून उजेड येतो म्हणून कातडी जिवंत वाटते. कॅनव्हासवर हे इतकं नीट साधत नाही, लाकूड पाहिजे.

इसारकाठ, परत गेलात तर एकदा बाजूने, तिरकं, उजेड पडेल असं उभं राहून बघा. छातीवरचा रंग उठून दिसेल आणि सावल्या सपाट.

आणि मधली_सुट्टी, त्या मच्छीमाराचं नाव नाही हे खरंय, पण एक म्हणू का. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी शिल्पकार असल्या गरीब म्हाताऱ्याकडे इतकं लक्ष देऊन बघत बसला की त्याच्या पाठीचा बाक आणि पोटऱ्या आजही ओळखू येतात. रुबेन्सने त्याला सेनेका म्हटलं, पण शीर एकही बदलली नाही. गुळगुळीत करून 'शोभेसा' केला नाही. ते त्याने राखलं म्हणून तर काकांना ओळखू आला.

मधली_सुट्टी

हे मात्र एकदम पटलं. धन्यवाद कोरडा_ब्रश.

शेल्डकाठची

पॉलिनाचं राहिलं होतं. ती का नाही ह्याचं रुबेन्सने कुठे कारण दिलेलं नाही, त्यामुळे जे दिसतं ते सांगते. त्याच्या चित्रात प्रसंग तिला दुसऱ्या खोलीत पाठवल्यानंतरचा आहे, मजकूर सांगण्याचा. खोलीत फक्त तेच आहेत ज्यांचं काहीतरी काम आहे. वैद्य कापतोय, पोरगा लिहितोय, शिपाई बघतायत. रडायला कुणी नाही.

आणि मला दुसरं एक सांगायचंय. रुबेन्सचा भाऊ फिलिप ऑगस्ट १६११ मध्ये गेला, चाळिशीही नव्हती. लिप्सियसला जाऊन पाच वर्षं झाली होती. ह्याच दिवसांत रुबेन्सने अजून एक चित्र केलं, फ्लॉरेन्सला पिट्टी राजवाड्यात आहे, 'चार तत्त्वज्ञ'. टेबलाशी लिप्सियस, फिलिप, अजून एक विद्यार्थी, मागे रुबेन्स स्वतः उभा, आणि वर कोनाड्यात तेच खोट्या सेनेकाचं मस्तक. त्याच्याजवळ काचेच्या भांड्यात चार ट्यूलिप : दोन उमललेली, दोन मिटलेली. दोघं जिवंत, दोघं गेलेले, असं त्याचं वाचन करतात. मी ते चित्र फ्लॉरेन्सला बघितलं तेव्हा माझ्या भावाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. फुलांपुढे उभी राहिले आणि बराच वेळ हलता आलं नाही. म्हणून मला सेनेकाचं चित्र नुसतं रोमन इतिहासाचं वाटतच नाही. भाऊ गेल्यावर माणूस ज्या पुस्तकात भाऊ रमायचा ते पुस्तक उघडून बसतो ना, तसं आहे ते. १६१५ मध्ये लिप्सियसने संपादन केलेल्या सेनेकाच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती इथे प्लँटिनच्या छापखान्यात निघाली, त्यात रुबेन्सने हा पाण्यातला सेनेका आणि ते मस्तक दोन्ही काढून दिली, कॉर्नेलिस गालेने कोरली. छापखान्याचा मालक बाल्थासार मोरेटुस त्याचा शाळेतला मित्र. तो छापखाना अजून आहे, आता म्युझियम, जुनी लाकडी यंत्रं जागच्या जागी आहेत, अँटवर्पला कुणी आलात तर चुकवू नका.

रुबेन्सच्या घराच्या बागेत जी कमान आहे, त्याने स्वतः बांधून घेतलेली, तिच्यावर ज्युव्हेनल ह्या रोमन कवीच्या ओळी कोरल्यात. एक सगळ्यांना माहीत असते, निरोगी शरीरात निरोगी मन. तिच्या पुढची कमी लोक वाचतात : मरणाचं भय नसलेलं मन माग. मी माहिती नसताना कितीदा त्या कमानीखालून गेलेय.

जुनी_वही

शेल्डकाठची ताई, फार मनापासून लिहिलंत.

एक राहिलं, लेखनिकाच्या वहीत काय लिहिलंय ते कुणी बघितलं का? व्ही, आय, आर अशी तीन अक्षरं आहेत. 'विर्तुस' हा शब्द तो लिहितोय असं मानतात, सद्गुण, धैर्य, माणूसपण, सगळं त्यात येतं. शब्द पुरा झालेला नाही. आणि त्यातला 'विर' म्हणजे लॅटिनमध्ये पुरुष, तो आणि आपला संस्कृत 'वीर' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. म्हणजे तो पोरगा आपल्याला वाचता येईल एवढंच लिहून थांबलाय.

इसारकाठ

सगळ्यांचे आभार, मला वाटलं होतं दोन-चार प्रतिसाद येतील.

काल रविवार होता, परत गेलो. ह्या वेळी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, मी कानात हेडफोन घालून, आवाज न करता. कोरडा_ब्रश म्हणाले तसं तिरकं उभं राहिलो, खरंच छातीवरचा रंग उठलेला दिसतो आणि काखेतली सावली अगदी पातळ, खालचे पट्टे दिसतात. ती तीन अक्षरंही सापडली. मी बाबांना चेहरा दाखवत होतो, शिपाई दाखवत होतो, विर आणि वीर टाइप करून पाठवलं. बाबा म्हणाले, हो हो, वाचलं. आता तोंड नको, फोन खाली घे. पोटऱ्या दाखव. हां. असाच धर. हलू नकोस.

वीस मिनिटं धरला. हात भरून आला, पण ह्या वेळी घाई केली नाही.

आज सकाळी त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, पेन्सिलने काढलेला. गुडघ्यापासून खालचे दोनच पाय, बाकी काही नाही. शिरा अगदी जशाच्या तशा. पण ते पात्र त्यांनी काढलं नाहीये. पाय वाळूत आहेत, टाचा रुतलेल्या.

कोरडा_ब्रश

इथे टाका ना तो फोटो, काकांना विचारून. आणि पेन्सिल कुठली वापरली तेही विचारा.

इसारकाठ

विचारलं. ४बी. कागद शाळेच्या जुन्या हजेरीपटाची मागची कोरी बाजू. फोटो टाकायला हो म्हणालेत, पण आधी डावी टाच परत काढतो म्हणाले.